डबल काच राहू द्या, जुलैत येणारा माणूस दाखवा

चंदगडकरांनो, आज जरा स्पष्टच बोलतो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आपल्या तालुक्यात घर दुरुस्तीला काढलं की पहिला घाला पडतो तो जुन्या खिडक्यांवर. फणसाच्या, सागवानाच्या खिडक्या काढायच्या, ग्रॅनाईटची चौकट बसवायची आणि त्यात ॲल्युमिनियम नाहीतर यूपीव्हीसी. त्यात पोरगं पुण्यात, मुंबईत किंवा गोव्यात नोकरीला असलं तर फोनवरून हुकूम येतो, "आप्पा, डबल काचेच्याच बसवा. इकडं सगळे त्याच बसवतात." मग शहरातून कंपनीचा माणूस येतो. गाडीतून नमुन्याची खिडकी काढतो, रंगीत पुस्तक दाखवतो आणि चहा संपायच्या आत ॲडव्हान्स घेऊन जातो.

मी हे दुसऱ्याचं सांगत नाही, माझ्याच घरातलं सांगतोय.

आमच्या पश्चिमेच्या तीन खिडक्या बदलल्या. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. त्या माणसाने आमच्या ओसरीवर नमुन्याच्या खिडकीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "बघा साहेब, एक थेंब आत नाही." आम्ही सगळे खूश. सत्तर टक्के रक्कम आगाऊ दिली. मे महिन्यात काम झालं, उरलेली तीस टक्के त्याच दिवशी दिली. खिडक्या दिसायला झकास.

जून बरा गेला. जुलैत चार दिवसांची झड लागली आणि तिसऱ्या दिवशी कपाटामागची भिंत ओली. पाणी काचेतून येत नव्हतं, ते चौकट आणि भिंत यांच्या मधून येत होतं. खाली लाईटचा बोर्ड. मी खिडकीत पोतं कोंबत होतो तेव्हा आई म्हणाली, "येवढे पैसे घातलास आनी परत पोतंच कोंबूलालास काय रे?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कंपनीला फोन केला. उत्तर आलं, "साहेब, पाऊस थांबू दे, मग माणूस पाठवतो."

हे वाक्य नीट वाचा. पाऊस थांबल्यावर गळती कशी सापडणार? माणूस आला गणपती झाल्यावर. कोरडी भिंत बघितली, "कुठं गळतंय?" म्हणाला, आतल्या बाजूने सिलिकॉनची एक रेघ मारली आणि गेला. पुढच्या जुलैत पाणी पुन्हा आत. शेवटी जवळच्याच एका फॅब्रिकेशनवाल्या पोराला बोलावलं. त्याने दोन गोष्टी दाखवल्या. खिडकीखालच्या ग्रॅनाईटचा उतार बाहेर असायला हवा, तो आत होता. आणि चौकटीतलं पाणी बाहेर जायला खालच्या पट्टीला जी बारीक भोकं असतात, ती गिलाव्याच्या सिमेंटने बुजली होती. डबल काच अगदी ठणठणीत होती. बसवणूक चुकली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: खिडकीची कंपनी निवडताना काच, ब्रँड आणि रेट हे नंतर बघा. आधी हे बघा की बसवणारा माणूस जुलैत, भर पावसात, तुमच्या दारात येणार आहे का, आणि तसं लिहून देणार आहे का.

आता काही मित्र म्हणतील, डबल काच वाईट असती तर जगभर बसवली असती का? वाईट नाहीच. ती कशासाठी आहे ते समजून घ्या. दोन काचांच्या मध्ये कोरडी हवा कोंडलेली असते. कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि बाहेरून सील असतं. त्या कोंडलेल्या हवेमुळे आतली ऊब बाहेर जात नाही आणि आवाजही कमी होतो. थंड देशांत वर्षातले कित्येक महिने घर गरम ठेवावं लागतं, तिथं ती पैसे वाचवते. आपल्याकडं थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा. तेवढ्यासाठी गोधडी पुरते.

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याला लागून घर असेल, रात्रभर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात असतील, घरात आजारी माणूस किंवा अभ्यासाचं पोर असेल, तर डबल काच जरूर बसवा. पैसे कामी येतील. पण खिडकीच्या फटी बंद नसतील तर आवाज तिथूनच आत येतो, हेही लक्षात ठेवा. आणि सील गेलं की दोन काचांच्या मध्ये वाफ धरते. ती बाहेरून पुसता येत नाही, आतून पुसता येत नाही, काचेचा तो जोड अख्खाच बदलावा लागतो. म्हणजे इथंही तोच प्रश्न: बदलून द्यायला येणार कोण?

आपल्या तालुक्याचा खरा वैरी वाऱ्याबरोबरचा आडवा पाऊस आहे. सगळीकडं सारखा नाही. तिलारी, पारगडच्या बाजूला जो पाऊस पडतो तो कोवाड, कुदनूरकडं पडत नाही. जुन्या लोकांना हे कळत होतं. छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढं काढलेली असायची, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी गवताची नाहीतर उसाच्या पाल्याची ताटी बांधायचे. आपण स्लॅब घातला, छज्जा नऊ इंचाचा केला, पश्चिमेला सरकती खिडकी लावली आणि मग काचेला दोष देतो. सरकत्या खिडकीत पट्टा सरकायला फट ठेवावीच लागते. जोराचा वारा पाणी तिथून आत ढकलतो. झडीच्या बाजूला दारासारखी उघडणारी, रबरावर घट्ट बसणारी खिडकी आणि वर चांगला दोन फुटांचा छज्जा, हे साध्या एका काचेचं असलं तरी जास्त काम करतं. हे तुम्हाला पुस्तक घेऊन येणारा माणूस सांगणार नाही. छज्जा विकून त्याला काय मिळणार?

आता रेटचं बोलू. आपण स्क्वेअर फुटाला शंभर रुपये कमी करून घेतले की गड जिंकल्यासारखं करतो. जरा हिशेब करा. खिडकीचं खरं माप ४६ इंच बाय ५० इंच. म्हणजे जवळपास १६ स्क्वेअर फूट. पण बिलात ते वर ओढून ४८ बाय ५४ धरलं, की झाले १८. आठ खिडक्यांना १६ स्क्वेअर फूट हवेचे पैसे तुम्ही देता. रेट विचारला, माप कसं धरणार हे विचारलं नाही. दोन कोटेशन समोर ठेवताना एक प्रत्यक्ष मापाचं आणि एक वाढीव मापाचं असेल तर कमी रेटवाला महागात पडू शकतो.

यूपीव्हीसीत तर आत काय आहे ते दिसतच नाही. प्लास्टिकच्या पोकळ पट्टीत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी घालायची असते. ती घातली नाही तर मोठी खिडकी काही वर्षांत वाकते आणि लॉक लागत नाही. कापलेला कोपरा दाखवा म्हणायचं. दाखवायला कां कूं करत असेल तर रामराम.

आणि सगळ्यात मोठी चूक आपली स्वतःची. "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल साहेब." झालं, आपण विरघळलो. अठरा टक्के वाचले म्हणून खूश. अहो, त्या अठरा टक्क्यांबरोबर तुम्ही तुमचा पुरावा सोडून दिलात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे. कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करायची असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर नुसता फोन करूनही बघता येतं. पण तिथं जाऊन सांगणार काय? "ओसरीवर तांब्याभर पाणी ओतलं होतं" असं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००२ पासून जुनी खिडकी बदलली की ती बांधकाम नियमांप्रमाणे बसवल्याचं प्रमाणपत्र लागतं. फेन्सासारख्या योजनेत नोंद असलेला कारागीर ते देतो, नोंद नसेल तर तिथल्या स्थानिक कौन्सिलकडून तपासणी करून घ्यावी लागते. घर विकताना वकील तो कागद मागतो. आपण तिथली डबल काच उचलली, तो कागद मात्र तिथंच ठेवला. काच आली आणि जबाबदारी आली नाही.

इथं काहीजण म्हणतील, मग सरळ गावातल्या पोरांनाच काम द्या. मीही त्याच मताचा आहे, पण डोळे मिटून नाही. गावचा फॅब्रिकेशनवाला जवळ असतो, बाजारात रोज भेटतो, तोंड चुकवता येत नाही, ही त्याची मोठी गॅरंटी. पण तोही बिल देत नाही, लिहून देत नाही, आणि आपल्याच भाऊबंदांतला निघाला की आपल्याला बोलता येत नाही. कंपनीकडं छापील वॉरंटी असते, पण त्यात बारीक अक्षरात "बसवणूक वगळून" असतं. एकाकडं पाय आहेत, दुसऱ्याकडं कागद आहे. आपल्याला दोन्ही पाहिजे. गावच्या पोराला कागद लिहायला लावा आणि कंपनीला यायला लावा. ज्या पोराने माझी खिडकी दुरुस्त केली त्याला मी हेच सांगितलं: "भावा, तुझं काम त्यांच्यापेक्षा चांगलं आहे, पण लेटरहेड छाप, बिल दे, दोन पावसाळ्यांची हमी लिहून दे. मग गिऱ्हाईक कशाला शहरात जाईल?" अशी चार पोरं इथं उभी राहिली तर गोव्याला जाणारी चार पोरं इथं राहतील.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो फक्त तुमच्या-माझ्या घराचा नाही.

शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत कार्यालय, यांच्याही खिडक्या बदलल्या जातात. तिथं आपण काय बघतो? उद्घाटनाचा फोटो. सरकारी कामाच्या करारात दोषदायित्व कालावधी म्हणून एक मुदत असते. त्या मुदतीत निघालेला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम अडकवून ठेवलेली असते. वर्गात पाणी येतंय, पोरं बाक सरकवून बसतायत, आणि त्याच वेळी मुदत गुपचूप संपते. अनामत परत जाते. पुढच्या वर्षी दुरुस्तीचं नवं काम निघतं. पैसा कुणाचा? आपलाच. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, ती मुदत कधी संपते एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि पावसाळ्यातल्या ग्रामसभेत त्या ओल्या भिंतीचा फोटो दाखवा.

पण खरं सांगू का, जो माणूस स्वतःच्या घराच्या खिडकीचं बिल मागायला लाजतो, तो ग्रामसभेत ठेकेदाराचं बिल कसं मागणार? सवय घरातूनच लागते.

तेव्हा यंदा खिडक्या बदलणार असाल तर पैसे देण्याआधी एवढं करा:

१. दोन-तीन पावसाळे झालेलं त्यांचं काम दाखवायला सांगा, तेही आपल्याच भागातलं. त्या घरातल्या बाईमाणसांना विचारा, पाणी कुणी पुसलं ते त्यांनाच माहीत असतं.
२. माप कसं धरणार, काच किती मिलिमीटर, पट्टीत लोखंड आहे का, हे कोटेशनवर लिहून घ्या.
३. हमीत "बसवणूक आणि गळतीसह" हे शब्द पाहिजेतच. पावसाळ्यात फोन केल्यापासून किती दिवसांत येणार तेही लिहा.
४. काम झालं की बाहेरून अर्धा तास पाईपने पाणी मारा. तांब्याने नाही.
५. थोडी रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत हातात ठेवा. कबूल नसेल तर त्याचा त्याच्याच कामावर विश्वास नाही असं समजा.
६. बिल घ्या. पक्कं.

"एवढ्या अटी घातल्या तर कोण येईल?" असं एका काकांनी मला विचारलं. काका, ज्याला काम येतं तो येईल. ज्याला नुसता ॲडव्हान्स पाहिजे तो येणार नाही. तो आला नाही यातच आपला फायदा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी इथंच आहे. आणि ज्यांच्या घरात यंदा पोतं कोंबावं लागलं, त्यांनी भिंतीचा फोटो तारखेसह आजच काढून ठेवा. गणपतीनंतर भिंत कोरडी होते आणि मग आपणच सगळं विसरतो.