पंचेचाळिशीत टेस्टर

आयटीआयच्या प्रवेशाला वयाची खालची अट आहे, 14 वर्षं पूर्ण. वरची नाही. दहावी झालेला पंचेचाळिशीचा गृहस्थ इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुशाल अर्ज भरू शकतो. आठवीच झाली असेल तर वायरमनला. अडतं ते घरी. दोन वर्षं दिवसभर वर्गात बसायचं, तर भाडं आणि मुलीची फी कोण भरणार?

मुंबईच्या गिरणगावाला हा प्रश्न जुना आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या पुष्कळांना परत साच्यावर उभं राहायला मिळालंच नाही. पुढे 1992 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. नोकरी गेलेल्या कामगारांना नवा धंदा शिकवणं हा त्याचा एक हेतू होता, पण पैसा मुख्यतः स्वेच्छानिवृत्तीत गेला. चेक फाडायला दोन मिनिटं लागतात, वायरमन घडवायला दोन वर्षं. सरकारने चेक निवडला.

म्हणून बरेच जण ओळखीच्या मिस्त्रीकडे हेल्पर म्हणून लागतात. मिस्त्री तिशीचा, हेल्पर पंचेचाळिशीचा. सुरुवातीचे महिने भिंतीला झिरी मारण्यात आणि पाइपातून वायर ओढण्यात जातात. हेल्परला काका म्हणायचं की अरे-तुरे करायचं, इथूनच दोघंही अवघडतात. पोलंडचे लेक वालेंसा राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर एप्रिल 1996 मध्ये गदान्स्कच्या जहाज कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून परत हजर झाले, तेव्हा ते 52 वर्षांचे होते. धंदा त्यांचा जुनाच, हे खरं. पण त्यांना हाक कशी मारायची, हा पेच तिथल्या फोरमनलाही पडला असेल.

वय झालेल्या शिकाऊ माणसाकडे एक भांडवल असतं: भीती. पोरगा चालू बोर्डात हात घालतो. हा मेन बंद करतो, टेस्टर लावतो, पुन्हा लावतो. आणि ते बरोबरच आहे. घरात बसवतात ती आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअर गळतीला ट्रिप होते; 9 वॅटचा एलईडी दिवा साधारण 40 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे डोक्यावरच्या त्या दिव्याला पुरेल एवढ्या करंटमध्येही माणसाच्या जिवाला धोका असतो.

काम येऊ लागलं की कागदाचा प्रश्न उभा राहतो. अंगच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय 2015 पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. मात्र ते प्रमाणपत्र म्हणजे वायरमनचा परवाना नव्हे, आणि हे अनेकांना कोणाच्या तरी दारात काम अडल्यावरच कळतं.

शिकताना सगळ्यात जास्त घाम काढते ती जिन्यातली जोडणी. दिवा एक, टू-वे स्विच दोन. खालून लावायचा, वरून बंद करायचा. पंचवीस वर्षं वही न उघडलेल्या माणसाला ती आकृती तीन-तीनदा काढावी लागते. जमली की तो पहिली जोडणी स्वतःच्या घरच्या जिन्यात करतो, आणि बायको दोनदा खाली-वर करून खात्री करून घेते.