‘फेटाळला’ लिहिण्याआधी

वनहक्क कायद्याखाली केलेला, जंगलावरच्या हक्काचा दावा तीन पायऱ्या चढतो. आधी गावात वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते आणि तिच्या अहवालावर गावसभा ठराव घेते. मग कागद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे जातो आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे येतो. एखादा कागद कमी आहे हे तिसऱ्या पायरीवर कळले, तर त्याची किंमत गाव मोजते. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की तिथल्या भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण जवळजवळ दर पावसाळ्यात वाचतो. अशा ठिकाणच्या माणसाला ‘एक पुरावा कमी पडला, पुन्हा या’ हे वर्षभराने सांगणे अन्याय आहे.

आज या स्तंभात रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल लिहायचे आहे, आणि वनहक्काचा दावा हेच त्याचे उदाहरण आहे. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ही भाषा स्वतःपुरती सुरू केली, पुढे मोझिलाने तिला पाठबळ दिले आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर अशा पायाभूत गोष्टी लिहिण्यासाठी ती वापरतात. तिचा कंपाइलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, फार कडक आहे. चूक दिसली की तो सॉफ्टवेअर तयारच होऊ देत नाही. हा कडकपणा कोणासाठी राबवायचा, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

बरीच माहिती गोळा करून एक वस्तू बनवायची असली की प्रोग्रॅमर ‘बिल्डर’ वापरतात. दावेदाराचे नाव घाला, क्षेत्र घाला, पुरावे जोडा, ठराव जोडा, आणि शेवटी ‘बनव’ म्हणा. साध्या बिल्डरमध्ये ठराव जोडायचा राहिला तर ते ‘बनव’ म्हटल्यावर कळते, तेही कोणी तपासणी लिहून ठेवली असेल तर. जावामध्ये लॉम्बॉक नावाचे लोकप्रिय साधन आहे. त्याचा बिल्डर राहिलेल्या जागी मुकाट्याने ‘नल’, म्हणजे काहीच नाही, ठेवून पुढे जातो. प्रोग्रॅम चालू होतो, दावा साठतो, आणि उणीव कोणाच्या तरी टेबलावर उघडी पडते.

रस्टमध्ये हेच दुसऱ्या रीतीने करता येते. ‘ठराव नसलेला मसुदा’ आणि ‘ठराव असलेला मसुदा’ हे दोन वेगळे प्रकार मानायचे. ठराव जोडणारी क्रिया पहिला मसुदा स्वतःकडे घेते आणि दुसऱ्या प्रकारचा मसुदा परत देते. जुना मसुदा त्यानंतर वापरता येत नाही, कारण रस्टच्या मालकी-नियमानुसार तो हातातून गेलेला असतो. ‘सादर कर’ ही क्रिया फक्त सगळे पूर्ण असलेल्या प्रकारावरच लिहिलेली असते. अपुरा मसुदा सादर करणारी ओळ प्रोग्रॅमरने लिहिली, तर कंपाइलर तिथेच थांबतो. या विचाराला ‘टाइपस्टेट’ म्हणतात. रॉबर्ट स्ट्रॉम आणि शौला येमिनी यांनी तो १९८६ मध्येच मांडला होता.

अडचण अशी की सहा बाबी सक्तीच्या असतील, तर काय भरले आणि काय राहिले याच्या ६४ अवस्था होतात. दहा असतील तर १,०२४. हे हाताने कोण लिहिणार? म्हणून ते लिहून घ्यायचे. दाव्याची रचना एकदा मांडली की रस्टचा मॅक्रो ती वाचून बिल्डरचा सगळा मजकूर स्वतः तयार करतो. अशा स्वतःच्या ‘डिराइव्ह’ मॅक्रोंची सोय फेब्रुवारी २०१७ पासून स्थिर आवृत्तीत आहे. टाइप्ड-बिल्डर, बॉन अशी तयार साधनेही मिळतात. त्यांच्या युक्तीमुळे हजार प्रकार मोजून लिहावे लागत नाहीत. प्रत्येक बाबीला ‘भरले’ किंवा ‘रिकामे’ अशी प्रकाराचीच खूण लावून काम भागते. टाइप्ड-बिल्डर तर राहिलेल्या बाबीचे नाव त्रुटीच्या संदेशातच गुंफतो. जून २०२१ पासून रस्टमध्ये बाबींना देवनागरीत नावे देता येतात. तेव्हा कंपाइलरच्या तक्रारीत ‘गावसभा_ठराव’ हे शब्द जसेच्या तसे दिसू शकतात. प्रोग्रॅमर आणि वनहक्क समितीचा सचिव एकाच शब्दावर बोट ठेवू शकतील. मला याचे फार मोल वाटते.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सॉफ्टवेअर विकणारे ती गुळगुळीत करून सांगतात. कंपाइलर प्रोग्रॅम तपासतो, गावातून आलेला कागद तपासत नाही. जमीन चार हेक्टरच्या मर्यादेत आहे का, ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा आहे का, हे माहिती आत येतानाच तपासावे लागते. प्रकारांचा उपयोग असा, की ती तपासणी टाळून पुढे जाणारी वाटच प्रोग्रॅममध्ये उरत नाही. त्यासाठी प्रकार प्रामाणिक हवेत. ‘पुरावे’ या बाबीत रिकामी यादी चालत असेल, तर बिल्डर कितीही कडक असला तरी तो फसतो. वनहक्क नियमांप्रमाणे समित्यांनी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे आहेत. मग प्रकारही तसाच करावा: पहिला पुरावा, दुसरा पुरावा, आणि बाकीच्यांची यादी. दोनपेक्षा कमी पुरावे असलेली वस्तू मग बनतच नाही.

कोणती बाब सक्तीची, हे मात्र कायदा ठरवतो. प्रोग्रॅमरने ते ठरवू नये. समजा कोणी उपग्रह-नकाशा सक्तीचा केला. नियम सांगतात की उपग्रह-प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक असू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, घरपट्टीची पावती, शेतातला जुना बांध हेही पुरावेच आहेत. तिथे नकाशाची सक्ती घातली, तर कंपाइलर तो बेकायदा हट्ट त्याच निष्ठेने पाळेल. म्हणून अपुऱ्या दाव्यालाही प्रोग्रॅममध्ये स्वतःचा मानाचा प्रकार हवा. तो साठवता यावा, त्यात काय राहिले ते त्याच दिवशी गावात वाचता यावे.

आणि सक्ती फक्त दावेदारावरच का? माझा खरा आग्रह इथे आहे. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीने सांगितले की ठराव अपुरा वाटला, तर वरच्या समित्यांनी दावा न फेटाळता फेरविचारासाठी गावसभेकडे परत पाठवावा. फेटाळलाच तर कारण लेखी असावे, दावेदाराला समक्ष कळवावे, आणि दाद मागायला त्याला ६० दिवस मिळावेत. म्हणजे ‘फेटाळलेला दावा’ हीसुद्धा एक वस्तूच आहे आणि तिच्याही सक्तीच्या बाबी आहेत. तिलाही बिल्डर लावा. कारण आणि कळवल्याची नोंद असल्याशिवाय ‘फेटाळला’ हा प्रकार बनूच नये. अपुऱ्या दाव्यावर तर ‘फेटाळ’ ही क्रियाच नसावी, फक्त ‘परत पाठव’ असावी.

हे किती गंभीर आहे ते २०१९ मध्ये देशाने पाहिले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले होते त्यांना हटवण्याचा आदेश दिला, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली आणि दावे कोणत्या प्रक्रियेने फेटाळले याचा तपशील राज्यांकडे मागितला. प्रक्रियेच्या नोंदी पहिल्यापासून सक्तीच्या असत्या, तर ते उत्तर हाताशी असते. महाराष्ट्रात १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे दाद मागण्याची सोय झाली. पण कारणच लिहिलेले नसेल, तर दाद कशावर मागायची?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर. मेंढ्यात अभ्यासगटांची जुनी रीत आहे. कायदा वाचून, एकमत होईपर्यंत बोलून ते गाव चालते. प्रत्येक गावाला असे अभ्यासगट आणि इतका वेळ मिळत नाही. कागद पूर्ण आहे की नाही हे सांगण्याचे काम तरी यंत्राने घ्यावे.

रस्टचे तोटे मला ठाऊक आहेत. असे मॅक्रो वापरले की कंपाइल व्हायला वेळ लागतो, त्रुटींचे संदेश लांबलचक येतात, आणि एखादी बाब अटीवर भरायची असेल तर प्रकारांशी झगडावे लागते. ही भाषा शिकलेली माणसेही कमी आहेत. भाषा रस्टच हवी असा हट्ट मी धरणार नाही. कोटलिन किंवा सी-प्लस-प्लसमध्येही यातले बरेच जमते. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी वनहक्काच्या नियमांचा एक बिल्डर लिहिणे हा उत्तम प्रकल्प होईल.

जिल्हा प्रशासनाला माझी विनंती एवढीच आहे. दाव्यांच्या सॉफ्टवेअरची पुढची निविदा काढाल तेव्हा त्यात दोन अटी घाला: प्रत्येक सक्तीच्या बाबीपुढे ती कोणत्या नियमाने सक्तीची आहे ते लिहिलेले असावे, आणि कारणाशिवाय दावा फेटाळणारा प्रोग्रॅम कंपाइलच होऊ नये.