कोंबडा आरवतो, 'आरव' मात्र शांत!

बाळांच्या नावांच्या पुस्तकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांत 'आरव' या नावापुढे बहुतेक वेळा एकच शब्द छापलेला दिसतो: शांत. मराठी वाचकाने इथेच थबकायला हवे, कारण पहाटे कोंबडा जे काही करतो त्याला आपण आरवणे म्हणतो आणि त्यात शांततेचा मागमूस नसतो. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज, 'आरव' म्हणजे मोठा आवाज, ओरडा. वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा संस्कृत-इंग्रजी कोश उघडा किंवा मोनिअर-विल्यम्सचा १८९९चा, दोन्हीकडे हेच सापडेल. मग 'शांत' आले कुठून? 'रव' नसलेला तो 'अरव', असा विग्रह कोणी तरी केला असावा. पण त्यासाठी पहिले अक्षर ऱ्हस्व हवे, आणि देवनागरीत 'अ' आणि 'आ' यांची गल्लत होणे कठीण. ती होते रोमन लिपीत, जिथे दोन्ही नावे सारखीच लिहिता येतात. म्हणजे हा अर्थ बहुधा इंग्रजीतल्या एखाद्या यादीत जन्मला, तिथून उचलला गेला, आणि मराठी पुस्तकात छापला जाईपर्यंत वाटेत कोणीही कोश उघडला नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'अर्थासह हजारो नावे' असे लिहिलेले असले, तरी त्यातला 'अर्थासह' हा शब्द कितपत मनावर घ्यायचा, ते या एका नोंदीवरून ठरवता येते.

अशी एखादी चूक कोणत्याही संदर्भग्रंथात सापडेल, तेवढ्यावरून सगळे पुस्तक मोडीत काढणे अन्यायाचे होईल. म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. पुस्तकात एखाद्या तरी नावाचा अर्थ अप्रिय, साधा किंवा 'निश्चित नाही' असा दिला आहे का, ते पाहावे. शब्दकोशाला शब्दाची भीड नसते. नावांच्या पुस्तकाला मात्र गिऱ्हाईकाची भीड असते, आणि ती पानोपानी दिसते. सगळी मुले तेजस्वी, अजिंक्य, बुद्धिमान किंवा विष्णूचा अंश. सगळ्या मुली लक्ष्मी, पहिला किरण किंवा सुंदर. 'अनय' हे नाव घ्या. 'नय' म्हणजे नीती, म्हणून 'अनय' म्हणजे गैरवर्तन, अनीती, क्वचित दुर्दैवसुद्धा. याद्यांत तो 'ज्याच्यापेक्षा श्रेष्ठ कोणी नाही असा' होऊन बसतो. मराठी कवितेने ओळखीचा करून दिलेला राधेचा नवराही अनयच. त्याच्या आठवणीने कोणी हे नाव ठेवत असेल तर ते जाणतेपणाचे आहे आणि त्यात एक करुण गोडवाही आहे. पण पुस्तकाने दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. ते एकही सांगत नाही, तिसरीच सांगते.

या गोडगोड अर्थांना लबाडीपेक्षा बाजाराची गरज अधिक कारणीभूत आहे. आपल्याकडे नाव पुष्कळदा अर्थापासून नव्हे, अक्षरापासून सुरू होते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ चरणाक्षरे. गुरुजी पत्रिका पाहून अक्षर देतात आणि घरचे पुस्तक उघडतात. अश्विनीला चू, चे, चो, ला मिळतात, ते ठीक. आर्द्राला कू, घ, ङ, छ येतात. हस्ताला पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ङ, ञ आणि ण या अक्षरांनी सुरू होणारी नावे आपल्या भाषेत नाहीत. ज्योतिषाच्या जुन्या परंपरेने ही अडचण झाकून ठेवलेली नाही. या वर्णांनी नावे सुरू होत नाहीत, त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज आणि ड घ्यावेत, असे तिने सरळ सांगितले. चरणाक्षरावर ज्याचा विश्वास नाही त्यानेही या प्रामाणिकपणाला दाद द्यावी. आजच्या पुस्तकाला तो परवडत नाही, कारण त्याला प्रत्येक अक्षराखाली पान भरून दाखवायचे असते. ठ, ढ, झ यांच्याखाली खरी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी जागा जुळवाजुळवीने भरायची आणि जुळवलेल्या नावाला अर्थ हवा म्हणून तोही जुळवायचा.

नागपुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेनंतर इथल्या घराघरांतली नावे एका पिढीत बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, यशोधरा, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा ही नावे वस्त्यावस्त्यांत ऐकू येऊ लागली. ती अक्षर काढून शोधलेली नव्हती, त्यांच्यामागे वाचन होते आणि निवड होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची जी प्रचंड विक्री होते, ती याच वाचनाची परंपरा. अशा शहरात नावांच्या पुस्तकाने 'राहुल'चा अर्थ 'सर्व दुःखांवर विजय मिळवणारा' असा द्यावा, हे खटकते. बौद्ध परंपरेतली कथा अगदी उलटी आहे. मुलगा झाल्याची वार्ता आली तेव्हा घर सोडण्याच्या विचारात असलेल्या सिद्धार्थाच्या तोंडून, राहू जन्मला, बंधन जन्मले, अशा अर्थाचे उद्गार निघाले आणि तेच मुलाचे नाव झाले. बापाला बांधून ठेवू शकेल इतकी माया, हा त्या नावातला अर्थ आहे. पुस्तकाने तो फेकून दिला आणि त्याजागी एक गुळगुळीत बिरुद चिकटवले. 'मिलिंद'ची गत थोडी वेगळी. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, हे खरेच आहे. पण 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले ते या जिज्ञासू राजावरून, भुंग्यावरून नव्हे. एकच नाव दोन घरांत दोन वेगळ्या वाटांनी येते. 'मिलिंद – भुंगा' एवढीच नोंद करणारे पुस्तक खोटे बोलत नाही, पण विचारणारा कोण आहे याची त्याला फिकीरही नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, नावाच्या अर्थाला एवढे काय महत्त्व? नावाचा अर्थ तर माणूसच घडवतो. राहुल नावाच्या कोणालाही आपण 'बंधन' म्हणून पाहत नाही. हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. झी मराठीवर २०१६मध्ये सुरू झालेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेत नागपूरच्या राधिकेच्या संसारात शिरलेली ती शनाया आठवा. याद्या शनायाला सूर्याचा पहिला किरण म्हणोत नाही तर आणखी काही, मालिका पाहणाऱ्या घरांत त्या नावाचा अर्थ रोज रात्री ठरत होता. जुन्या वऱ्हाडात उकंडराव आणि कचरूजी ही नावे मायेनेच ठेवली जात. आधीची मुले दगावलेली असली की या लेकराला दृष्ट लागू नये, काळाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून. तिथे अर्थ वाईट आणि हेतू चांगला. पण याच वाटेने पुढे गेले की 'नकुशी' लागते. सातारा जिल्ह्यात २०११ साली या नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावे प्रशासनाने समारंभपूर्वक बदलली. अर्थाला काहीच किंमत नसती तर त्याची गरज का पडली असती? ज्या भाषेत शब्दाचा अर्थ रोज जिवंत असतो, त्या भाषेत तो नावातही ऐकू येतो. शिवाय आई-बाप पुस्तक विकत घेतात तेच मुळी अर्थ पाहायला. अर्थ बिनमहत्त्वाचा असेल तर त्याचा रकाना छापूच नये. छापला तर खरा छापावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. भाषा जिवंत असते, माणसे नवे शब्द घडवतात, मग नवी नावे का घडवू नयेत? जरूर घडवावीत. नाव घडवायला माझी काहीच हरकत नाही, त्याची खोटी वंशावळ लिहायला आहे. 'मायरा' हे इंग्रजी नाव फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या कवीच्या रचनेतून आलेले आहे, असे इंग्रजीतले चांगले नामकोश मोकळेपणाने नोंदवतात. कवीने घडवलेले म्हणून त्या नावाची पत घटली नाही. आपल्याकडे टाटांच्या दागिन्यांच्या 'तनिष्क' या नावाची फोड 'टाटा' आणि सोन्याचे नाणे या अर्थीचा 'निष्क' अशी सांगितली जाते. या ब्रँडमुळे कोणी मुलीचे नाव 'तनिष्का' ठेवले तर त्यात कमीपणा कसला? पण पुस्तक तिला थेट सोन्याची देवी करून टाकते. 'रेयांश' किंवा 'रियांश' ही आणखी एक गंमत. अर्थ दिला जातो सूर्यकिरणाचा अंश, आणि त्यातला किरण कुठल्या संस्कृत धातूपासून आला ते शोधू गेले तर 'रे' या इंग्रजी शब्दाशीच जाऊन पोहोचावे लागेल असे वाटते. इंग्रजी-संस्कृत जोडनाव म्हणून ते ठेवणाऱ्याने खुशाल ठेवावे. त्याच्यापुढे 'संस्कृत' अशी मोहोर मात्र नको.

संस्कृतच्या मोहोरेची ही हौस दुसऱ्या बाजूनेही नुकसान करते. मराठी नावांत पाली आहे, फारसी आहे, देशी आहे. शहाजी आणि शरीफजी या भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली गेली, ही प्रसिद्ध परंपरा आहे. गुलाबराव आणि दौलतराव तर आजही खेडोपाडी भेटतात. ज्या पुस्तकाला ही नावे दिसत नाहीत, किंवा ती त्याला ओढूनताणून संस्कृत करावी लागतात, त्याला मराठी नावांचा अंदाजच नाही. घरच्यांना तपासणी अवघडही नाही. आपल्याला अर्थ पक्के ठाऊक असलेली पाच-सहा नावे आधी पुस्तकात काढून पाहावीत. तिथे पुस्तक घसरले तर अनोळखी नावांबाबत त्याच्यावर भरवसा ठेवण्याचे कारण उरत नाही. आपटे, मोनिअर-विल्यम्स, मोल्सवर्थचा मराठी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे सगळे आज मोबाइलवर फुकट पाहता येतात. खरे तर हे काम एकेका घराने करण्याचे नाही. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे, रामटेकला १९९७पासून कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, विदर्भ साहित्य संघाने शंभरी ओलांडली आहे. या तिघांनी मिळून प्रत्येक नावापुढे मूळ भाषा, आधार आणि गरज पडेल तिथे 'अलीकडे घडवलेले' असा शेरा देणारा मराठी नामकोश करायला घेतला, तर विषय त्यांच्या प्रतिष्ठेला कमी पडणार नाही.

'एवढे सगळे तपासायला वेळ कोणाला? बारसे तर बाराव्या दिवशी,' असे म्हटले जाईल. बाराव्या दिवशी पाळण्यात नाव घेण्याला कोणाची ना नाही, पण कायद्याला तेवढी घाई नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, नाव मात्र नंतर देता येते: नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. आत्याने कानात सांगितलेले नाव दाखल्यावर चढवण्याआधी कोश उघडायला एवढी सवड पुरेशी आहे. एकदा ते दाखल्यावर चढले, की बदलायला राजपत्राच्या वाटेने जावे लागते, आणि १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो.