दुसऱ्याच्या कार्डावरचं नाव
भाची शिकायला न्यू जर्सीत आली. तिची पत उभी राहावी म्हणून मी माझ्या क्रेडिट कार्डावर तिचं नाव घातलं. पुढे आजारपणात माझं बिल महिन्याहून जास्त थकलं आणि डाग तिच्याही पत-अहवालात उमटला; घरमालकाने तिला जागा नाकारली. बँकेचं एकच पालुपद: ‘नाव काढतो, जुनी नोंद राहणार.’ मी हटून बसले. कर्ज फेडायची जबाबदारी माझी, तिची नव्हे. शिवाय नवरा-बायकोच्या खात्याची नोंद दोघांच्या नावे कळवायचा नियम आहे, भाचीची नोंद ही बँकेची मर्जी. मर्जीने घातलेलं काढताही येतं. चौथ्या फोनला वरच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, मागे कीबोर्डची टकटक येत होती. पण तेवढ्यावर विसंबू नका. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या तिन्ही पत-अहवाल संस्थांकडे वेगवेगळी लेखी हरकत घ्या. १९७० च्या पत-अहवाल कायद्याने त्यांना साधारण ३० दिवसांत चौकशी करावीच लागते. भाचीच्या हरकतीवर दोघांनी नोंद काढली. तिसऱ्याचं पाकीट भाचीने परवा माझ्यासमोर फोडलं: नोंद तशीच. उद्या सकाळी पुन्हा फोन लावणार आहे.