व्यायामाचा तास आणि औषधाचा खर्च

घरखर्चाची वही नेमाने लिहिणाऱ्या कुटुंबांत तांदूळ, दूध व शिकवणीची फी यांच्या रांगेत 'औषधे' हे सदर आता कायमचे येऊन बसले आहे. पूर्वी ताप-खोकल्यापुरते उघडणारे हे सदर मधुमेह व रक्तदाब यांवरील गोळ्यांमुळे वर्षानुवर्षे मिटत नाही. या सदराचा शाळेच्या क्रीडांगणाशी निकटचा संबंध आहे आणि तो विद्यार्थी व पालक या दोघांनीही ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांत या संबंधाचा एक धागा शास्त्रज्ञांच्या हाती लागला. डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. चालक दिवसभर आसनावर बसून असे. वाहक मात्र तिकिटे देत जिने चढे-उतरे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांहून कमी आढळले. टपाल वाटीत हिंडणारे पोस्टमन आणि बैठे काम करणारे कारकून यांच्या तुलनेतही तसाच भेद दिसला. तथापि मॉरिस यांनी घाई केली नाही. गणवेशांची मापे तपासून, चालकांची कंबर तरुण वयातही वाहकांहून रुंद असते, हे १९५६ साली त्यांनीच दाखवून दिले. अर्थात सारे श्रेय जिन्यास देता येईना. परंतु पुढील अनेक दशकांच्या संशोधनाने मूळ विचार दृढच केला.

आता पैशाकडे वळू. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या अभ्यासानुसार, शारीरिक निष्क्रियतेपायी २०१३ या एकाच वर्षी जगातील आरोग्यव्यवस्थांवर सुमारे ५,३८० कोटी आंतरराष्ट्रीय डॉलरांचा भार पडला. भारतात २०२१-२२ साली एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते आपल्या गोव्यात : प्रौढांपैकी २६.४ टक्के!

व्यायाम केला की आजार फिरकतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. वय, आहार, आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. दिवसभर काबाडकष्ट करणारा मजूरही आजारी पडतो. म्हणून रुग्णास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु जे आपल्या हाती आहे, तेही सोडून द्यावे काय?

आज बालरथ मुलांना शाळेच्या दाराशी आणून सोडतो. दूरच्या वाड्यांवरील मुलांसाठी ही मोठीच सोय आहे. मात्र पूर्वी वाटेने चालताना जी हालचाल आपोआप घडे, ती आता मुद्दाम घडवावी लागते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्याचे हे सात तास झाले. शाळेच्या एक-दोन तासिकांत ते भागणारे नाहीत. तेव्हा घराने आपला वाटा उचललाच पाहिजे. आणि दहावीचे वर्ष आले म्हणून अनेक ठिकाणी त्या तासिकाही गणितास दिल्या जातात! हिशेब शिकविण्यासाठी केलेला हा व्यवहार हिशेबातच चुकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलींच्या बाबतीत तर आम्ही अधिक आग्रहाने लिहितो. 'मोठी झालीस, आता खेळ पुरे' हे वाक्य कित्येक घरांत सहज उच्चारले जाते. त्याच संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. ज्या माउलीच्या हाती घरखर्चाची वही, तिच्याच नावावर पुढे औषधांचा खर्च पडावा, ही स्थिती शोभादायक नाही.

खो-खो, लंगडी, आट्यापाट्या यांना महागडी साधने लागत नाहीत. मोकळी जागा, थोडा वेळ आणि वडीलधाऱ्यांची अनुमती एवढे पुरे. विद्यार्थिमित्रहो, जागा शाळेने दिली आहे. वेळ व अनुमती तुम्ही घरी आग्रहाने मागून घ्या. पालकांनीही ती आनंदाने द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.