रिंगणातील शांत घोडा

‘हंटर अंडर सॅडल’ हे नाव कानावर पडताच जैन घरातील वडीलधारी मंडळी दचकतील, यात नवल नाही. समजा, सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्याची चौदा वर्षांची नात अमेरिकेत, टेक्सास राज्यात वाढते आहे. दोन वर्षे ती घोडेस्वारी शिकते आहे आणि आता तिला या नावाच्या स्पर्धेत घोडा उतरवायचा आहे. मुलगा फोनवर वडिलांचा आशीर्वाद मागतो आणि जमल्यास थोडा आर्थिक हातभारही. अशा वेळी आजोबांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक खर्चाचा, दुसरा व्रताचा. पहिला वहीत आकडे मांडून सुटतो. दुसऱ्यासाठी मात्र ही स्पर्धा काय आहे आणि तिच्यासाठी घोड्याची तयारी कशी होते, हे नीट समजून घ्यावे लागते.

नावातील ‘हंटर’ हा शब्द इंग्लंडमधील कोल्ह्याच्या शिकारीतून आला. शिकारी कुत्र्यांच्या मागे तासन्‌तास धावणारा घोडा लांब ढांगा टाकणारा, न थकणारा, गर्दीत न बुजणारा आणि स्वाराला सुखावह असा लागे. पुढे याच गुणांची पारख रिंगणात होऊ लागली. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने होणाऱ्या अशा शिकारीवर 2004 च्या कायद्याने बंदी आली. रिंगणातील स्पर्धेत तर कोल्हाही नसतो, कुत्रेही नसतात आणि अडथळ्यांवरून उड्याही नसतात. शिकार गेली, नाव तेवढे राहिले. अमेरिकेत ही स्पर्धा विशेष रुजली ती क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांमध्ये. पाव मैलाच्या शर्यतीत वेगवान ठरल्याने या जातीला ते नाव मिळाले. तिची संघटना 1940 साली फोर्ट वर्थ येथे स्थापन झाली. तिचे मुख्यालय पुढे टेक्सासमधीलच अमारिलो येथे गेले. ओहायो राज्यातील कोलंबस येथे 1967 पासून ऑक्टोबर महिन्यात भरणारा मेळावा या जातीचा मोठा उत्सव मानला जातो.

स्पर्धेचे स्वरूप वरकरणी अगदी साधे आहे. अनेक घोडे एकाच वेळी रिंगणात उतरतात आणि कठड्यालगत फिरतात. परीक्षकांच्या आज्ञेनुसार प्रथम साधी चाल, मग दुडकी, मग मंद दौड. आधी एका दिशेने, नंतर उलट दिशेने. घोड्याने पाय गुडघ्यातून उंच न उचलता खांद्यापासून लांब पुढे टाकावा, चालीची लय अखंड राहावी, माथा खांद्याच्या उंचवट्याच्या पातळीत किंवा किंचित वर असावा, चेहऱ्याची रेषा जमिनीशी काटकोनात किंवा किंचित पुढे असावी. मान फार खाली गेली, हनुवटी छातीकडे ओढली गेली, चाल तुटली किंवा दौडीत चुकीचा पाय आघाडीवर आला, तर तो दोष. डावीकडे वळताना डावा पाय आणि उजवीकडे वळताना उजवा पाय पुढे असावा लागतो. स्वाराचा लगाम हलका हवा. थोडक्यात, जो घोडा आज्ञाधारक, सावध आणि तरीही सैल, प्रसन्न दिसतो, तो वरचा ठरतो.

ही प्रसन्नता स्पर्धेच्या सकाळी आणता येत नाही. तिची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते आणि तिचा आरंभ खोगिरापासून नव्हे, तर पशुवैद्यापासून होतो. दात तपासले जातात, कारण टोकदार दातांवर धातूची कडी घासली की घोडा मान झटकतो आणि अननुभवी स्वार त्याला हट्टी समजतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद खूर कापून नाल बसवतो. पाठीला न बसणारे खोगीर बदलावे लागते. दुखणारी पाठ लांब ढांग टाकू देत नाही. रक्ताची कॉगिन्स नावाची चाचणी करून संसर्गजन्य रक्तक्षयाचा रोग नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. मग रोजचा सराव. तो बेताचा, मध्ये विश्रांतीचा. चालीतून दुडकीत आणि दुडकीतून पुन्हा चालीत, इतके हळुवार यायचे की लगाम ओढावा लागू नये. दोन्ही दिशांना सारखेच काम, इतर घोड्यांच्या सोबतीने फिरणे, ध्वनिक्षेपकाचा आवाज आणि प्रेक्षकांची वर्दळ यांची आधीपासून सवय. अंग चमकावे म्हणून रोज खरारा, आदल्या दिवशी स्नान, आयाळीच्या बारीक वेण्या, खुरांना चकाकी. स्वारासाठी गडद कोट, फिकी विजार, उंच बूट आणि शिरस्त्राण.

येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. अडचण वेगळीच आहे. शांत घोडा दोन मार्गांनी तयार होतो. एक मार्ग विश्वासाचा. तो लांबचा आणि खर्चाचा. दुसरा मार्ग थकव्याचा, भीतीचा आणि वेदनेचा. तो जवळचा आहे. रिंगणातील काही मिनिटांत हे दोन घोडे कित्येकदा सारखेच दिसतात. परीक्षकाला न दिसणारा हा फरक श्रावकाने पाहायचा असतो, आणि तो पाहण्याची कसोटी त्याच्या घरातच आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले ते पाळीव पशू आणि आश्रित माणसे डोळ्यांपुढे ठेवूनच: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. घोडा हा मन असलेला पंचेंद्रिय जीव. त्याच्या तबेल्यात हे पाचही शब्द अक्षरशः लागू पडतात.

बंध म्हणजे जखडणे. मान ठरावीक उंचीवर राहावी म्हणून घोड्याचे डोके तासन्‌तास बांधून ठेवण्याचा प्रकार प्रशिक्षकांमध्ये अज्ञात नाही. संघटनेचे नियम अशा अमानुष वागणुकीस मनाई करतात, परंतु तबेल्याच्या बंद दाराआड पंच उभा नसतो. अंगावरची चमक उन्हाने उतरू नये, खरचटू नये म्हणून घोडा दिवसचे दिवस खोलीत कोंडणे हादेखील बंधच. कळपात चरणाऱ्या, चालत्या प्राण्याला रोज मोकळे कुरण मिळाले पाहिजे.

वध याचा येथील अर्थ मारहाण. बोथट टाचा आणि छोटी छडी नियमात बसते. त्यांचा अतिरेक बसत नाही. नातीने टाच वापरलीच, तर ती इशाऱ्यापुरती असावी. छेद म्हणजे अवयव छाटणे. घोड्याच्या ओठांभोवतीचे लांब केस शोभेसाठी भादरण्याची प्रथा अमेरिकेतील रिंगणांत रूढ आहे. त्या केसांच्या मुळांशी संवेदना असते आणि डोळ्यांना न दिसणारे, नाकाखालचे जग घोडा त्यांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने जुलै 2021 पासून आपल्या स्पर्धांत हे केस काढण्यास बंदी घातली आहे. शेपूट हलू नये म्हणून तिच्यात औषध टोचणे हा याहून गंभीर प्रकार. तो क्वार्टर हॉर्स संघटनेनेही निषिद्ध ठरवला आहे. वेणी घालण्यात छेद नाही, म्हणून वेणी चालेल. ओठांवर वस्तरा नको.

अतिभारारोपण हे केवळ वजनाचे प्रकरण नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ती अडचण येणार नाही. पण या जातीत दोन वर्षांच्या घोड्यांसाठीही स्पर्धा असतात, आणि घोड्याच्या मणक्याची वाढ पूर्ण व्हायला पाच ते सहा वर्षे लागतात. मोठ्या बक्षिसाच्या ओढीने कोवळ्या पाठीवर घाईने काम लादले, की पुढची दुखणी तेथेच पेरली जातात. तसेच स्पर्धेआधी घोडा गळून शांत व्हावा म्हणून त्याला दोरीवर गोल गोल पळवत राहणे. अंगातील मस्ती उतरवण्यापुरती थोडी धाव निराळी आणि थकवून नमवणे निराळे. नातीसाठी वयाने प्रौढ, अनुभवी घोडा निवडला, तर हा दोष निम्म्याने कमी होतो.

पाचवा अतिचार सर्वांत सहज घडणारा, म्हणून सर्वांत सांभाळण्याजोगा. सुमारे पाचशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण साडेसात ते दहा किलो सुका चारा आणि वीस ते चाळीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. त्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते, म्हणून पोट फार वेळ रिकामे राहिले की आतून व्रण पडू लागतात. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटदुखी जिवावर बेतू शकते. प्रवासात गाडी थांबवायला नको, पोट सुटलेले दिसू नये किंवा घोडा सुस्त राहावा म्हणून चारा-पाणी आवरणारे लोक असतात. उपवास हा स्वेच्छेने केला तर तप. दुसऱ्यावर लादला तर अतिचार.

चामड्याचा प्रश्न प्रत्येक जैन घरात निघेल आणि तो निघायलाच हवा. कृत्रिम धाग्यांची, चामडेविरहित खोगिरे आणि लगाम बाजारात मिळतात. आपल्या वर्गात ती चालतात की नाही, हे प्रवेशशुल्क भरण्याआधीच चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्यावे.

आता हिशेबाकडे. घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. मुलीची हौस कॉलेजपर्यंत टिकली तरी पुष्कळ. खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते; तबेला, चारा, नालबंद आणि पशुवैद्य दरमहा. म्हणून प्रथम घोडा भाडेकराराने घेणे शहाणपणाचे. अमेरिकेत ती पद्धत रुळलेली आहे. खरेदी केलीच, तर त्याच दिवशी विक्रीचाही विचार करावा. अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले, तरी लिलावात स्वस्तात गेलेले घोडे कत्तलीसाठी मेक्सिको आणि कॅनडाकडे रवाना होत राहिले आहेत. फिती जिंकून देणारा घोडा लंगडा झाला, की तो त्या वाटेला लागू शकतो. नातीने स्वतः एकदाही टाच मारली नसेल, तरी घराण्याने निष्काळजीपणे केलेली एक विक्री तिच्या सर्व जयणेवर पाणी फिरवील. त्यावर उपाय व्यापारी घराला परका नाही: पुढे विकायचे झाल्यास पहिला हक्क जुन्या मालकाचा, हे कलम विक्रीच्या कागदात लिहून घ्यावे, आणि घोड्याच्या म्हातारपणाच्या कुरणासाठी पहिल्या महिन्यापासून वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. मुंबईत भुलेश्वरजवळ जैन आणि पारशी दात्यांनी 1834 साली पांजरापोळ उभी केली, ती काम न देणाऱ्या जनावरांचाही सांभाळ व्हावा म्हणूनच. सातासमुद्रापार गेलेल्या घराने हा वारसा एका घोड्यापुरता तरी चालवावा.

तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. देरासरात त्या चिन्हापुढे हात जोडणाऱ्या घरातील मुलीने घोड्यावर बसूच नये, असे म्हणणारे काही असतील आणि त्यांच्या म्हणण्यात सत्य आहे; बसण्यात सूक्ष्म दोष आहेच. परंतु ती बसणारच असेल, तर पाच अतिचारांची यादी तिच्या खोगिराच्या पेटीवर तिच्याच अक्षरात चिकटवलेली असावी, आणि प्रशिक्षकाने त्यांपैकी एकही मोडायला सांगितल्यास तबेला बदलण्याची तिला घरातून पूर्ण मुभा असावी. एवढे कबूल झाल्यावर आजोबांनी पैसे खुशाल पाठवावेत.

स्पर्धेच्या दिवशी फोन येईल. कितवा क्रमांक आला, हे त्यांनी सावकाश विचारावे. घोडा पाणी प्यायला का आणि त्याला मोकळे सोडले का, हे आधी विचारावे. पुढच्या वेळी नात ते न विचारताच सांगू लागेल.