मगर आणि नदीचा काठ

कृष्णाकाठी मगरीचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात येतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी पाण्यापासून थोडे वर, मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा उकरते, त्यात २५-३० अंडी घालते आणि माती ओढून तो बुजवून टाकते. नेमके याच महिन्यांत पात्र उघडे पडते. वाळूसाठी ट्रॅक्टर नदीत उतरतात, वीटभट्ट्यांसाठी काठची माती उचलली जाते, पाणी आटेल तशा शेतीच्या मोटारी खाली सरकतात. मगरीला काठाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच माणूसही तिथे सर्वाधिक वावरतो. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या पट्ट्यात माणसांवर झालेल्या हल्ल्यांचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

या काठावर मगरीचे किती काही अवलंबून आहे! अंड्यातून नर निघणार की मादी, हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरते. तापमान ३१ अंशांपर्यंत राहिले तर माद्याच निपजतात. साडेबत्तीसच्या आसपास नर होतात. काठावरची सावली तोडली, वाळूचा थर खरवडला, तर अंडी शाबूत राहूनही पुढच्या पिढीचा तोल बिघडू शकतो. सुमारे दोन महिने मादी घरट्याच्या आसपास राहते. पावसाळा तोंडावर आला की अंड्यांतून पिल्लांचा आवाज येऊ लागतो. तो ऐकून ती माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. चेन्नईजवळच्या मगर उद्यानात नरानेही हे काम केल्याची नोंद आहे. ज्या जबड्याची आपल्याला एवढी धास्ती वाटते, त्याचा हा उपयोग आपल्या शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवा. एवढ्या राखणीनंतरही घोरपडी, मुंगूस, पक्षी आणि मोठे मासे यांच्या तावडीतून सुटून वाढणारी पिल्ले थोडीच.

कातड्याच्या व्यापारामुळे सत्तरच्या दशकापर्यंत ही जात देशातल्या बहुतेक नद्यांतून नाहीशी होत चालली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. १९७५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. पुढच्याच वर्षी रोम्युलस आणि झई व्हिटेकर यांनी चेन्नईजवळचे ते मगर उद्यान उभे केले. अंडी गोळा करायची, पिल्ले सुरक्षित कुंडांत वाढवायची आणि मोठी झाली की नदीत सोडायची, अशी प्रकल्पाची पद्धत होती. मगरीच्या बाबतीत ती इतकी फळली की कुंडे भरून गेली आणि सोडायला जागा उरली नाही. जनावर वाढवणे आपल्याला जमले. त्याच्यासाठी नदी राखणे जमले नाही. बांगलादेश आणि म्यानमारच्या नद्यांतून ही मगर संपली आहे. इराणपासून श्रीलंकेपर्यंत ती अजून तग धरून असली, तरी जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गातच आहे.

हल्ला झाला की ‘मगरी पकडून दूर न्या’ अशी मागणी होते. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला संवर्धनाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांना भरपाई वेळेवर आणि खेटे न घालता मिळाली पाहिजे. पण मगरी हलवण्याने गावाला सुरक्षितता मिळत नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रह-यंत्रे लावून दूर सोडले, तेव्हा त्यांतली एक चारशेहून अधिक किलोमीटर पोहून २० दिवसांत मूळ जागी परतली होती. शिवाय मोकळ्या झालेल्या डोहात दुसरी मगर येतेच, आणि हलवलेली मगर तिकडच्या एखाद्या गावाच्या घाटाजवळ जाते.

गोव्यात दुर्भाट येथे पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा केली जाते. तिथल्या कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे. गुजरातेत चरोतरच्या गावतळ्यांत मगरी माणसांच्या शेजारी राहतात. हा आदर मोलाचा आहे, पण कपडे धुणाऱ्या बाईचे रक्षण करायला तो पुरेसा नाही. तिला कुंपण लागते. श्रीलंकेत नदीतल्या आंघोळीच्या जागेभोवती पाण्यातच मजबूत कुंपण घालतात, आणि माणूस त्याच्या आत बिनधोक उतरतो. महाराष्ट्रात सांगलीपासून महाड-चिपळूणपर्यंत नदीवरचे पाणवठे गावागावाला ठाऊक आहेत; तिथे असे कुंपण घालता येईल.

घरट्यांच्या जागाही वनविभाग आणि स्थानिक अभ्यासकांच्या मदतीने नकाशावर आणता येतील. तेवढ्या तुकड्यांवर जूनपर्यंत वाळू आणि मातीचा उपसा बंद ठेवला, तर कोणाचा धंदा बुडणार नाही. काठचे लोक आंघोळीला, धुण्याला आणि जनावरे पाजायला नदीत उतरत राहणारच. त्यांच्या घाटांना कुंपण घालण्याचा खर्च जिल्हा नियोजन समित्यांनी यंदाच्या आराखड्यात धरावा.